बरणीला कुठे जायचंय, आंटी?

आंटी, बरणी अजून खोलीतच आहे.

बाकीचं सगळं हललं. शिकारी कुत्र्यांची नक्षी असलेले ते दगडी मग गेले, सोड्याच्या जुन्या दगडी बाटल्या गेल्या, लोणच्याच्या तपकिरी-पांढऱ्या बरण्या गेल्या. लाल मातीच्या सुरया आणि ती कच्छची काळ्या-पांढऱ्या रेघांची घागर मी कोणाच्या हातात दिली नाही. मांडीवर घेऊन टॅक्सीने दादरला, तुमच्या भाच्याच्या गाळ्यात नेली. टॅक्सीवाला आरशातून बघून म्हणाला, "भाई, बच्चा है क्या अंदर?" मी म्हटलं, "हां, धीरे चलाओ." तो खरंच हळू चालवत आला बिचारा.

मोठी बरणी तेवढी राहिली. अजगराची. तुमच्या पलंगाच्या पायथ्याशी उभी होती तशीच उभी आहे, पलंग मात्र गेला. रविवारी खोलीची चावी द्यायची आणि त्यानंतर फणसवाडीतली ही तुमची बिल्डिंग पाडणार. तुमचा भाचा रॉनी काल खोलीत उभा राहून आधी बरणीकडे बघत होता, मग दाराकडे, मग परत बरणीकडे. म्हणाला, "सुकू, ही दारातून निघत नाही मॅन. मी काय करू? सोडून देऊ या." मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "पाडणारे येतील ते फोडतीलच."

हे 'फोडतीलच' माझ्या कानातून जात नाहीये.

हे लिहायला बसवलं तेही रॉनीनेच. म्हणाला, तुम्हाला जाऊन महिना होईल त्या दिवशी चर्चमधल्या मिस्सेनंतर घरचे सगळे बसतील तेव्हा आंटीबद्दल दोन शब्द बोल. मी म्हटलं, मला चार माणसांपुढे बोलता येत नाही. तर म्हणाला, मग लिहून आण, मी वाचतो. सातवीत शाळा सुटलेला माणूस मी. पण मला परत वाचायला-लिहायला तुम्हीच लावलंत, तेव्हा आता ऐकून घ्या. तुम्ही कुठे जन्मलात, कुठल्या ऑफिसात टायपिस्ट होतात, ते रॉनी सांगेल. मला ते धड माहीतही नाही. मला तुम्ही दादरच्या एका जिन्यापासून पुढे माहीत आहात.

तेव्हा मी सामान हलवणाऱ्या कंपनीत होतो. गोंदियाच्याही पलीकडच्या गावातून आलेला, काळाचौकीला एका खोलीत गावाकडच्या पोरांबरोबर राहणारा, आणि सगळ्याला भिणारा. रस्ता ओलांडायला, मालकाचा फोन घ्यायला, हॉटेलात पोळी आणखी मागायला. त्या दिवशी जुना लाकडी जिना आणि आमच्या हातात काचेच्या दारांचं कपाट. मी एकेक पायरी पायाने चाचपून उतरत होतो. मागून मुकादम ओरडला, "ए गोंदिया, वरात चाललीय का? पाय उचल!" पोरं हसली. तुम्ही खालच्या वळणावर भिंतीला टेकून उभ्या होतात, फुलाफुलांचा फ्रॉक घालून, काखेत छत्री. त्या घरातली माणसं टॉवरमध्ये राहायला चालली होती आणि त्यांना नको झालेली आजीची बरणी न्यायला तुम्ही आल्या होतात.

"बरणी हा उचलेल," तुम्ही माझ्याकडे छत्री रोखून मुकादमाला म्हणालात.

"तो? आंटी, एक नंबर डरपोक आहे तो. हात बघा त्याचे, थरथरतात."

"म्हणून तर. शूर माणसांनी माझं निम्मं घर फोडलंय, मॅन. आता मला घाबरटच पाहिजे."

आंटी, माझ्या भित्रेपणाला त्याआधी कोणी कामाचं म्हटलं नव्हतं. घरी बापाने म्हटलं नाही, शाळेत मास्तरांनी नाही. माय तर अजून फोनवर म्हणते, "भिऊ नको रे बाप्पा कोणाले." तुम्ही पहिल्यांदा म्हणालात की भ्यायलेले हात बरे, ते धरलेल्या वस्तूचा विचार करतात. मी ती बरणी दादरहून फणसवाडीपर्यंत पोटाशी धरून आणली. तुम्ही दार उघडलंत आणि मी उंबऱ्यातच थांबलो. खोलीभर नुसत्या बरण्या, सुरया, मग, बाटल्या. कपाटावर, कपाटाखाली, देवाच्या तसबिरीच्या दोन्ही बाजूंना. पाय ठेवायला जागा असून मला पाय ठेववेना.

"ये ना आत. काहून थांबलास?" असं तुम्ही त्या दिवशी म्हणाला नव्हतात. 'काहून' तुम्ही नंतर माझ्याकडून उचललंत आणि मग मला चिडवायला कायम वापरलंत. माझी माय एकदा फोनवर तुमच्याशी बोलली आणि तुम्ही तिला "काहून जी, बरं आहे का?" म्हणालात, तेव्हा ती इतकी खूश झाली की तुम्ही आमच्याच भागातल्या आहात असं तिने गावभर सांगितलं.

मग दर सुट्टीला मी तुमच्याकडे यायला लागलो. बरण्या पुसायच्या, रचायच्या, एखादं घर रिकामं होतंय असं कानावर आलं की तुमच्याबरोबर जायचं. परळ, लालबाग, गिरगाव. जुनी घरं पडायला लागली की टीव्ही-फ्रिज आधी खाली उतरतात आणि बरण्या जिन्यात राहतात, हे मी कामावर रोज बघायचो, पण ते कोणाला तरी हवंय हे मला तुमच्यामुळे कळलं. लालबागला एका मावशींनी बरणी देताना तिच्यात मूठभर साखर घातली होती, भांडं रिकामं द्यायचं नाही म्हणून. तुम्ही तिथेच जिन्यात बसून निम्मी साखर मला दिलीत, निम्मी तुम्ही खाल्लीत. डॉक्टरांनी तुम्हाला साखर बंद केलेली होती. "ही औषधाची साखर नाही, ही बरणीची साखर आहे," म्हणालात.

गुंडाळायला रद्दी लागायची. तुमचा नियम होता की कागद वाचल्याशिवाय बरणीला लावायचा नाही. "मोठ्याने वाच. बरणीला कळू दे आपल्याला कशात बांधतायत." मी अडखळत वाचायचो, खून, भाव, क्रिकेट, छोट्या जाहिराती. जोडाक्षर आलं की थांबायचो. तुम्ही हात पुढे करून बसून राहायचात, शब्द पुरा होईपर्यंत बरणी हातात घ्यायचा नाहीत. त्या रद्दीवर माझं वाचन परत आलं. हे मी तुम्हाला कधी बोललो नाही. आज बोलतो.

आणि बरणीला विचारायला शिकवलंत. पहिल्याच दिवशी. बोट वाकवून त्याच्या सांध्याने बरणीच्या कडेला हळूच ठोकायचं. दगडासारखी पक्की भाजलेली, चांगली असेल तर ती घंटीसारखी खणकते. आत कुठे तडा असेल तर नुसतं 'थप' म्हणते. लाल मातीची असेल तर तिचा आवाज मऊ, पण त्यातही खोटा-खरा कळतो. "डोळ्यांना फसवता येतं," तुम्ही म्हणालात, "झिलईखाली तडा लपतो. पण विचारलं की ती खरं सांगते. फक्त रिकामी करून विचार. भरलेली बरणी बोलत नाही."

हे वाक्य मी तेव्हा नुसतं ऐकलं.

आता मोठ्या बरणीचं. रॉनी सोडून बाकीच्यांना ती गोष्ट माहीत नसेल म्हणून लिहितो, तुम्ही तर मला इतक्यांदा सांगितलीत की मी डॉल्फी अंकलना, तुमच्या मिस्टरांना, कधी न बघता त्यांचा आवाज काढू शकतो. लालबागच्या एका मसाल्याच्या दुकानात ती तेलाला होती. त्याच्या आधी कधीतरी चीनकडून जहाजाने आली असणार. दुकान बंद झालं तेव्हा अंकलनी ती हातगाडीवर घालून आणली आणि तुम्ही सगळा रस्ता मागून चालत आलात, एक हात तिच्यावर ठेवून. माझ्या कमरेएवढी उंच, पोट दोन हातांच्या कवेत न मावणारं, खांद्याशी दोरी बांधायचे कान, आणि अंगावर मातीचेच उठवलेले दोन अजगर एकमेकांच्या मागे धावतायत. तुम्ही त्यांना ड्रॅगन म्हणायचात.

"अजगराला पाय असतात का रे?"

"आमच्याकडे तर नसतात जी."

"मग?"

"मुंबईत सगळ्यांनाच धावावं लागते."

यावर तुम्ही इतक्या हसलात की खोकला लागला.

बरणी आली आणि मग अंकलनी घरात संडास-बाथरूम बांधला, तोपर्यंत गॅलरीतला सगळ्यांचा होता. दाराला लागूनच भिंत उठली. गवंडी गेला, गिलावा वाळला, रंग झाला. पुढे कधीतरी तुम्ही झाडायला म्हणून बरणी सरकवलीत आणि दारापाशी झालेल्या बोळाकडे बघितलंत. "डॉल्फी, आता बरणी बाहेर कशी जायची?" अंकलनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "बरणीला कुठे जायचंय?"

तुम्ही हे सांगायचात तेव्हा शेवटी नेहमी म्हणायचात, "खरंच की. कुठे जायचंय? मी पण इथेच, ती पण इथेच."

आंटी, तुम्ही मात्र गेलात. त्या बोळात स्ट्रेचर वळेना. शेवटी तुम्हाला चादरीत घेऊन काढलं. डोक्याकडे रॉनी होता, पायांकडे मी होतो. माझे हात थरथरत होते. तुम्हाला ते चाललं असतं, एवढंच मनाशी म्हणत होतो.

आपलं भांडण राहिलं ना पण. बरणीच्या पोटावर, एका अजगराच्या शेपटीखालून, तिरकी रेघ गेलेली आहे. बारीक, केसासारखी. मी पहिल्यांदा पुसायला बसलो त्याच दिवशी ती माझ्या नखाला लागली. मी म्हणालो तडा आहे. तुम्ही म्हणालात झिलईचा ओघळ आहे, भाजताना होतो, जन्मखूण आहे.

"नखाला लागते जी ती."

"तुझं नख भित्रं आहे."

"वाजवून बघू का?"

"भरलेली आहे. भरलेली बोलत नाही, सांगितलंय ना."

ती कायमच भरलेली असायची. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला धक्का बसला होता. एवढी जुनी वस्तू, आणि आत नळाचं पाणी! "आंटी, हे म्युझियममध्ये ठेवतात."

"बरणी आहे, मॅन. पाणी भरायला नाही तर काय आरती ओवाळायला? इथे सकाळी नळ येतो न येतो."

आणि तिच्यासाठी खास नियम. निम्मं पाणी काढ, निम्मं नवीन भर. पूर्ण रिकामी करायची नाही, झिलई सुकते म्हणे. मी सुट्टीला आलो की पहिलं काम ते. तांब्याने निम्मं उपसायचं, बादलीने भरायचं. मधे बिल्डिंगवर टाकी बसली, पंप आला, चोवीस तास पाणी झालं. तरी आपलं चालूच. मी एकदा म्हटलंही, आता कशाला? तुम्ही म्हणालात, "सवय आहे तिला." मी विचार केला नाही. मोठी माणसं असतात अशी.

दुसरं भांडण तुमच्या पोटाचं. खालच्या डॉक्टरांनी तुमच्या पोटावर बोटं ठेवून ठोकून बघितलं होतं आणि मोठ्या तपासणीला जा म्हणून सांगितलं होतं. मी तेव्हा तुमची पिशवी धरून बाहेर बसलो होतो, सगळं ऐकू येत होतं. वर आल्यावर म्हणालो, "जाऊन या ना जी. मी येतो बरोबर."

"नाताळ होऊ दे."

नाताळ झाला. तुम्ही म्हणालात, ईस्टर होऊ दे.

"काही नसेल तर नाही म्हणून कळेल," मी म्हणालो. "उगाच भीती काहून ठेवायची?"

तुम्ही माझ्यावर पहिल्यांदा आणि शेवटचं ओरडलात. "भीती तुला आहे! मला शिकवू नको! मी कधी कशाला घाबरलीय?" आणि मग आवाज खाली आणून, "पाणी बदल बरणीतलं. निम्मं."

मी निम्मं बदललं. हात धुतले. तुम्ही मला बाटलीत भरून ठेवलेल्या तुमच्या त्या बॉटल मसाल्यातली सुकट वाढलीत आणि त्या दिवसानंतर तो विषय पानात आला नाही. पुढे तपासणी झाली तेव्हा तिचा उपयोग राहिला नव्हता. मला तुमचा राग येतो त्याबद्दल, आंटी. अजून येतो. काळाचौकीच्या खोलीत सगळे झोपलेले असताना येतो आणि मग भीती वाटते की मेलेल्या माणसावर रागवलं तर काय होत असेल.

आणखी एक आहे, ते तुम्ही विचारलं नव्हतंत.

आमच्याकडे बाप गेला की मुलाने खांद्यावर पाण्याचं मडकं घेऊन चितेला फेरे मारायचे असतात. मागून कोणीतरी दगडाने मडक्याला भोक पाडतो, फेऱ्यागणिक एक. पाठीवर पाणी गळत राहतं. शेवटी मागे न बघता ते मडकं पाठीमागे टाकायचं. फुटतं. मी सातवीत होतो. खांदा लहान, मडकं मोठं. ते हातातून आधीच सुटेल म्हणून मला इतकी धास्ती होती की बाप गेला हे मला तोवर कळलंच नाही. मागे ते फुटलं तेव्हा कळलं. त्या आवाजानंतर शाळाही नाही आणि हात सरळ राहणंही नाही.

हे कुणाला सांगितलं नाही. पण दहीहंडीच्या दिवशी काळाचौकी-लालबागला गल्लोगल्ली मडकी फुटतात, तर मी सकाळीच उठून तुमच्याकडे यायचो. पहिल्या वर्षी तुम्ही म्हणालात, "हंडीचा दिवस, सगळी पोरं नाचतायत, तू इथे काय करतोस?" मी म्हटलं, "असंच." तेवढ्यात वाडीच्या तोंडाशी कुठेतरी हंडी फुटली, तुम्ही माझ्याकडे बघितलंत आणि उठून रेडिओ लावलात. एवढा मोठा की शेजारच्या काकू दार वाजवायला आल्या. त्यानंतर दर हंडीला मी यायच्या आधीच रेडिओ सुरू असायचा. काहून, ते तुम्ही कधीच विचारलं नाहीत. तुमच्या लोकांत मातीच्या वेळी काही फोडत नाहीत. शिवडीच्या कबरस्तानात मी अंग आवळून उभा होतो, आणि मूठमूठ माती तुमच्या पेटीवर पडली तेवढाच आवाज झाला. मला केवढं हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली.

म्हणून ती बरणी मी फुटू देणार नाही. पण ती निघते कशी, ते मला कळत नाहीये.

*

वरचं लिहून ठेवलं त्याला आठवडा झाला. पुढचं आता लिहितोय, दादरला रॉनीच्या गाळ्यात बसून.

मी रॉनीला म्हटलं, दारातून नाही तर खिडकीतून. गल्लीकडची तुमची खिडकी चांगली खोलीच्या फरशीपर्यंत आहे. गज कापले, चौकट काढली तर पोट निघतं, मी दोरीने माप घेतलं. रॉनी म्हणाला, "दुसरा मजला आहे, वेडा झालास?" मी म्हटलं, "आम्ही कपाटं उतरवायचो." बोलताना माझाच आवाज मला ओळखू येईना. तो म्हणाला, "आंटीने तुला बिघडवलंय." मग त्यानेच वेल्डरला फोन लावला.

दोरवाल्यांचा तात्या माझ्या जुन्या कामावरचा. गिरगावातली निम्मी कपाटं त्याने खिडक्यांतून उतरवलीत. आला, बरणीभोवती फिरला, रेघेपाशी वाकला.

"हा तडा आहे का?"

"म्हणजे... आंटी म्हणायच्या जन्मखूण."

"आंटी काय म्हणायच्या ते सोड. दोराचा आवळ पोटावर येतो. तडा असला तर मधोमध उकलेल आणि खाली माझी माणसं आहेत. रिकामी कर आणि वाजवून बघ."

मी उपसायला बसलो. निम्म्यापर्यंत हात सवयीने चालला. मग थांबला. निम्म्याच्या खाली मी कधी गेलोच नव्हतो. पुढचा प्रत्येक तांब्या मला जड वाटत होता. तळाला आलो तेव्हा आत वाकून फडक्याने पाणी टिपलं, आणि माझा श्वास बरणीत घुमून परत माझ्याच तोंडावर आला. थंड, ओल्या मातीचा. मी बाहेर येऊन बोट वाकवलं. तात्या, रॉनी, वेल्डर, सगळे जवळ सरकले.

आणि तेव्हा मला कळलं, आंटी.

पाणी नळासाठी नव्हतं. टाकी बसून कितीतरी वर्षं झाली होती. झिलई सुकते हे तुम्ही दुसऱ्या एकाही बरणीबद्दल कधी म्हणाला नाहीत. तुम्ही आयुष्यभर सगळ्यांच्या बरण्या रिकाम्या करून ठोकून बघितल्यात आणि ही एक भरून ठेवलीत, म्हणजे तिला कोणी विचारू नये. डॉल्फी अंकलनी आणलेली ही एक. ती खरं सांगेल म्हणून तुम्ही भ्यायला होतात. जसं त्या डॉक्टरांच्या बोटांना भ्यालात. दादरच्या जिन्यात माझे हात तुम्हाला लांबून ओळखू आले, ते उगाच नाही. आणि मी तुम्हाला विचारत होतो, भीती काहून ठेवायची!

माझा राग त्या क्षणी गेला असं म्हणणार नाही. पण तो जरा खाली बसला.

"वाजव की," तात्या म्हणाला. "लग्नाचा मुहूर्त आहे का?"

मी बोट सरळ केलं. म्हटलं, "वाजवायची नाही. तडा आहे असं धरूनच बांधा."

"म्हणजे आहे?"

"माहीत नाही. आहे असं धरा."

तात्याने मला काय शिव्या दिल्या त्या मिस्सेनंतर वाचण्यासारख्या नाहीत. पण बांधलं मी म्हणालो तसंच. तुमच्या दोन गोधड्या भिजवून, पिळून पोटाभोवती गच्च लपेटल्या. वरून सायकलच्या ट्यूबचे पट्टे ताणून आवळले. पोटावर दोर घेतलाच नाही. बुडाखाली गोणपाटाची दुपदरी झोळी केली, सगळा भार बुडावर. वरून ढील द्यायचा दोर मी धरला. तात्या म्हणाला, "तुझे हात थरथरतायत, सोड, दुसऱ्याला दे." रॉनी मागून म्हणाला, "राहू दे. त्यालाच धरू दे." हे तो कुठून शिकला ते तुम्हाला ठाऊक असेल.

बरणी खिडकीबाहेर गेली. वाडीतले लोक गॅलऱ्यांत येऊन बघत होते. कोणीतरी वरून विचारलं, "आत काय आहे?" आणि शेजारच्या काकूंनी तुमचं नाव घेऊन उत्तर दिलं, "फिलोमिना!" सगळे हसले. मी हसू शकलो नाही. दोर हातातून सरकत होता आणि माझ्या पाठीवर पाणी गळत होतं. घाम होता तो, पण मला खांद्यावर मडकं आल्यासारखं झालं. डोळे मिटावेसे वाटत होते. मागे बघायचं नाही असं कोणीतरी सांगत होतं. मी मुद्दाम बघत राहिलो. ती पहिल्या मजल्यावर जरा फिरली, एक अजगर गोधडीच्या वरून डोकं काढून माझ्याकडे बघून गेला, आणि मग खालून तात्याचा माणूस ओरडला, "आली, आली, टेकली! ढील दे!"

मी ढील दिली. काही फुटलं नाही. मी खिडकीतच खाली बसलो, आणि रॉनी माझ्या शेजारी येऊन बसला. तो रडत होता. तुमच्या मातीला तो रडला नव्हता.

टेम्पोत मी बरणीजवळ उभा राहिलो, एक हात तिच्यावर ठेवून. तुमच्यासारखाच.

गाळ्यात ती कोपऱ्यात ठेवली, सुरयांच्या शेजारी. रॉनीने एक किल्ली माझ्याजवळ दिलीय, तुम्ही असताना यायचो तसं येत जा म्हणाला. गोधड्या सोडल्या. रेघ तिथेच होती, तेवढीच. नखाने तपासली नाही. रॉनी म्हणाला, "आता इथे कसला धोका? वाजव, एकदाचं कळू दे तुम्हा दोघांत कोण बरोबर." मी कोपऱ्यातल्या नळाखाली बादली लावली आणि भरायला सुरुवात केली. आधी निम्मी. थोडं थांबलो. मग पूर्ण, तुम्ही भरायला लावायचात तिथपर्यंत, अजगरांच्या पाठीच्या वर. रॉनी शेवटी म्हणाला, "दोघंही सारखेच."

त्यानंतर रोज कामावर जायच्या आधी मी इथे येतो. कुलूप काढतो, शटर उचलतो. बरणीकडे आधी बघत नाही. तिच्या बुडाशी फरशी ओली झालीय का ते बघतो.

आज कोरडी होती, आंटी. निम्मं काढलं, निम्मं भरलं.